ग्रॅन्युलोमा दिसला म्हणजे टीबीच, असे नाही

बायोप्सीच्या अहवालात ‘ग्रॅन्युलोमा’ (संरक्षक पेशींचा बंदिस्त पुंजका) हा शब्द आला की आपल्याकडे डॉक्टर, नातेवाईक आणि शेजारी या तिघांच्याही तोंडून पुढचा शब्द एकच निघतो : टीबी. ज्या देशात क्षयरोग घरोघरी ठाऊक आहे, तिथे हा तर्क आधी सुचणे स्वाभाविक आहे आणि तो करणाऱ्या डॉक्टरांना मी नावे ठेवणार नाही. मात्र तर्कापासून निदानापर्यंत पोहोचायला ज्या तपासण्या लागतात, त्यांची थोडी माहिती रुग्णालाही असलेली बरी, असे माझे मत झाले आहे. माझ्या उजव्या स्तनात जो विकार झाला त्याचे नाव इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजे कारण न कळलेला, ग्रॅन्युलोमा असलेला स्तनदाह. तो कर्करोग नाही, एकाकडून दुसऱ्याला लागत नाही आणि त्याने जीव जात नाही. पण निदान नक्की होईपर्यंत या तिन्ही धास्ती रुग्णाच्या वाट्याला येतात.

या विकाराचे पहिले स्वतंत्र वर्णन केसलर आणि वोलोक या दोघांनी १९७२ साली केले. बहुतेक रुग्ण मूल झालेल्या, तिशीच्या आसपासच्या स्त्रिया असतात आणि शेवटच्या बाळंतपणानंतरच्या साधारण पाच वर्षांत त्याची सुरुवात होते. मी या वर्णनात नेमकी बसत होते. मुलीचे अंगावरचे दूध तोडून बराच काळ लोटला होता, आणि स्तनाच्या बाहेरच्या बाजूला एक कडक, कडा न सापडणारी गाठ हाताला लागू लागली. ती दुखत होती, वरची त्वचा हळूहळू लालसर होत गेली, पुढे स्तनाग्रही किंचित आत ओढले गेले. ताप मात्र कधीच आला नाही. “दूध साकळलंय गो, दुसरं काही नाही,” असे म्हणत सासूबाईंनी हळद उगाळून दिली. गोव्यात २०२१ साली ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ हा उपक्रम सुरू झाल्यापासून आरोग्य केंद्रांतून स्तनांची तपासणी होऊ लागली आहे आणि गाठ लपवू नये एवढे भान आता पुष्कळजणींना आले आहे. त्यामुळे हळद सुकण्याआधीच मी दवाखान्यात पोहोचले होते. अडचण अशी की गाठ म्हणजे कर्करोग किंवा गळू, या दोनच शक्यता आपल्या मनात असतात, आणि हा विकार त्या दोन्हींचे सोंग घेऊन येतो.

सुरुवातीला त्याला गळू समजले गेले. प्रतिजैविकांचा एक कोर्स झाला, दुसरा झाला, सूज किंचित उतरून पुन्हा वर आली, आणि मग एका खासगी रुग्णालयात चिरा देऊन पू काढण्यात आला. त्या पुवाचे कल्चर केले, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहिले, तर त्यात काहीही वाढले नाही. वास्तविक तिथेच थबकायला हवे होते. पुवात जंतू सापडत नसतील तर पू कशामुळे होतो आहे, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. त्याऐवजी तिसरे प्रतिजैविक लिहून मिळाले. चिरा भरून आला नाही. या विकारात सुजलेल्या भागावर शस्त्र चालवले की जखम भरण्याऐवजी तिचे नाडीव्रण होतात, म्हणजे आतून बाहेरपर्यंत एक बारीक वाट तयार होऊन ती झिरपत राहते, हे मला पुष्कळ नंतर वाचायला मिळाले. पू साचलाच तर शक्यतो सोनोग्राफीच्या मदतीने सुईने ओढून काढावा, असा आता तज्ज्ञांचा कल आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात, जिथे वाळत घातलेला टॉवेल चार दिवस ओलाच राहतो, तिथे झिरपणारी जखम सांभाळणे म्हणजे काय असते ते ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल. शाळेत मधल्या सुट्टीत गॉज बदलायचा, साडीवर डाग आला नाही ना हे तीनदा पाहायचे, आणि वर्गावर जाऊन पाढे घ्यायचे.

सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीने चित्र स्पष्ट होईल अशी माझी अपेक्षा होती. झाले उलटेच. सोनोग्राफीत वेड्यावाकड्या आकाराची काळसर गाठ आणि तिच्यापासून बोटांसारख्या निघालेल्या नळ्या दिसल्या, काखेतल्या गाठीही सुजलेल्या होत्या, आणि अहवालाच्या तळाशी ‘बायरॅड्स ४’ असे लिहून आले. बायरॅड्स ही स्तनांच्या प्रतिमा वाचण्याची ठरावीक श्रेणी आहे. तिच्यात ४ म्हणजे संशयास्पद, तुकडा काढून तपासा. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसच्या पुष्कळ रुग्णांना ४ किंवा ५ हीच श्रेणी मिळते, कारण प्रतिमेवरून तो आणि कर्करोग यांच्यात फरक करता येईलच असे नाही. तेव्हा ही श्रेणी पाहून घाबरून जाण्यापेक्षा बायोप्सीची तारीख लवकर मिळवणे जास्त उपयोगाचे.

बायोप्सीविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत, ग्रॅन्युलोमा आहेत एवढे कळू शकते. त्यांची मांडणी कशी आहे, ते दूध तयार करणाऱ्या लोब्यूल्सच्या भोवती आहेत की कुठेही विखुरलेले आहेत, हे कळायला उतीचा अखंड तुकडा लागतो. म्हणून कोअर बायोप्सी करतात. जागा बधिर केल्यानंतर सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत डॉक्टर सुई गाठीपर्यंत नेतात, स्प्रिंगचा ‘टक्’ असा मोठा आवाज होतो (आधी सांगितले नसेल तर माणूस दचकतो), आणि सुईच्या खाचेत शेवईच्या तुकड्याएवढा एक पांढरट धागा येतो. असे चारसहा तुकडे घेतले जातात. माझ्या पहिल्या बायोप्सीत ते सगळेच्या सगळे फॉर्मालिनच्या बाटलीत गेले. सूक्ष्मदर्शकाखाली उती पाहण्यासाठी फॉर्मालिन आवश्यकच आहे. पण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे त्या तुकड्यांतून क्षयरोगाच्या जंतूंचे किंवा अन्य कशाचेही कल्चर करता येत नाही. निदान एक तुकडा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये घालून त्याच दिवशी मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेत जायला हवा. हे डॉक्टरांना ठाऊक असतेच, पण गर्दीच्या दिवशी राहून जाते. सुई आत जाण्यापूर्वी “एक तुकडा कल्चरसाठी सलाइनमध्ये घालणार ना?” असे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. मला हे विचारायचे असते हे दुसऱ्या वेळी ठाऊक होते, कारण दुसरी बायोप्सी करावी लागली ती याच कारणासाठी.

पहिल्या अहवालात ‘ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन’ एवढेच मोघम लिहिलेले होते आणि खाली क्षयरोगाची शक्यता पडताळून पाहण्याची सूचना होती. ग्रॅन्युलोमा हा मुळात शरीराचा एक बचाव आहे. जी वस्तू मारता येत नाही किंवा पचवता येत नाही, तिच्याभोवती संरक्षक पेशी एकमेकींना चिकटून बसतात, काही एकत्र मिळून अनेक केंद्रकांच्या अवाढव्य पेशी होतात, आणि बागायतीभोवती चिरे रचून गडगा घालावा तसा एक बंदिस्त गोल तयार होतो. आत नेमके काय कोंडले आहे, हे गडगा पाहून सांगता येत नाही. क्षयरोगाचे जंतू असू शकतात, बुरशी असू शकते, बाहेरची एखादी वस्तू असू शकते. आणि सार्कॉयडोसिससारख्या विकारात तर आत काहीच सापडत नाही. क्षयरोगात या गोलाच्या मध्यभागी उती मरून चीजसारखा भुसभुशीत भाग तयार होतो. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसमध्ये तसे होत नाही. तिथे ग्रॅन्युलोमा लोब्यूल्सना धरून असतात आणि त्यांच्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींचे लहान लहान पुंजके आढळतात. अनुभवी पॅथॉलॉजिस्टला यावरून अंदाज बांधता येतो. म्हणूनच काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घेण्यात काही गैर नाही. मी फोंड्याहून पणजी आणि पणजीहून बांबोळी असा कदंबाच्या बसने प्रवास करून ते गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, नेले.

स्तनाचा क्षयरोग ही काल्पनिक गोष्ट नाही. ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने १८२९ साली त्याचे वर्णन करून ठेवले आहे आणि भारतात तो आजही दिसतो, म्हणून तो नाही हे सिद्ध करण्याचा प्रयत्न करावाच लागतो. त्यासाठी झील-नील्सन रंगक्रिया करून जंतू शोधतात, सीबीनॅट नावाच्या यंत्रावर जंतूंचा डीएनए तपासतात, ज्याचा निकाल दोन तासांत येतो, आणि कल्चर लावतात, ज्याला सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. स्तनाच्या क्षयरोगात जंतू मुळातच थोडे असतात, त्यामुळे यांपैकी एखादी तपासणी निगेटिव्ह आली म्हणून क्षयरोग पूर्णपणे बाद होत नाही. छातीचा एक्स-रे, घरातील कोणाला क्षय झाला होता का, वजन घटले का, असे सगळे एकत्र ठेवून पाहावे लागते. त्वचेत टोचून करतात त्या मांटू चाचणीचा तर मोठ्या माणसांत फारसा उपयोग नाही, कारण आपल्याकडे कितीतरी निरोगी माणसांची ती पॉझिटिव्ह येते.

या टप्प्यावर मला सल्ला मिळाला की कल्चरची वाट कशाला पाहता, सहा महिने टीबीची औषधे घेऊन टाका, गुण आला तर टीबीच होता असे समजू. हा सल्ला देणारे डॉक्टर सहृदय होते. त्यांचा युक्तिवाद मात्र मला तेव्हाही पटला नव्हता आणि आता तर मुळीच पटत नाही. कारणे दोन. पहिले असे की ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस अनेक स्त्रियांमध्ये आपोआपच ओसरतो, फक्त त्याला कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षे लागतात. त्यामुळे सहा महिन्यांच्या कुठल्याही औषधाला श्रेय मिळू शकते. दुसरे कारण अधिक रंजक आहे. क्षयरोगाच्या औषधांतले रिफाम्पिसिन, ज्याने लघवी नारिंगी होते, ते इतर अनेक जंतूंवरही काम करते, आणि या विकाराच्या काही रुग्णांत कॉरिनेबॅक्टेरियम क्रॉपेनस्टेटाय नावाचा, चरबीवर पोसणारा जंतू आढळला आहे. तो नेहमीच्या कल्चरमध्ये सहज वाढत नाही, फार सावकाश वाढतो, आणि वाढला तरी त्वचेवरचा निरुपद्रवी जंतू समजून सोडून दिला जाण्याची शक्यता असते. म्हणजे टीबीच्या औषधांनी बरे वाटले, एवढ्यावरून टीबी होता हे सिद्ध होत नाही, आणि तोवर यकृतावर ताण देणारी औषधे सहा महिने पोटात गेलेली असतात. क्षयरोगाचा खरा पुरावा असेल तर ती औषधे एक दिवसही न चुकवता घ्यावीत, त्याला पर्याय नाही. माझ्या बाबतीत पुरावा नव्हता. दुसऱ्या बायोप्सीतला सलाइनमधला तुकडा सीबीनॅटवर निगेटिव्ह आला, आणि आम्ही कल्चरसाठी थांबलो.

थांबण्याच्या त्या काळात पायांनी एक नवे नाटक सुरू केले. दोन्ही नडग्यांवर लालबुंद, हात लावू न देणारे टणक उंचवटे आले आणि घोटे इतके दुखू लागले की सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरावी लागे. ऐन पावसाळ्यात सांधे धरले म्हटल्यावर सगळ्या वाड्याने चिकुनगुन्या ठरवून टाकला. रक्ततपासणीत तसे काही निघाले नाही. या उंचवट्यांना एरिथेमा नोडोसम म्हणतात. ते क्षयरोगातही येतात आणि ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसमध्येही येतात, म्हणून त्यांच्यावरून दोन्हींत निवाडा करता येत नाही, पण हा केवळ स्थानिक गळवाचा प्रकार नसून शरीराची प्रतिकारयंत्रणाच खवळली आहे, हे त्यांच्यामुळे डॉक्टरांच्या लक्षात आले. संधिवाततज्ज्ञांकडे माझी चिठ्ठी त्यानंतर गेली. त्यांनी सार्कॉयडोसिस आणि रक्तवाहिन्यांच्या दाहाचे विकार यांच्या तपासण्या करून घेतल्या, रक्तशर्करा पाहिली, आणि मग एक असा प्रश्न विचारला जो आधी कोणीही विचारला नव्हता : “आम्लपित्तासाठी काही गोळ्या घेता का?”

मी घेत होते. सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल, कित्येक महिने. त्यांनी माझ्या पिशवीतली पट्टी उलटी करून बारीक अक्षरे वाचायला लावली. आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीला तिच्यात लेव्होसुलपिराइड होते. हे औषध मेंदूतल्या डोपामिनचा मार्ग अडवते आणि त्यामुळे प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध उतरवणारे संप्रेरक, वाढते. डोम्पेरिडोन, काही मानसोपचारांतील औषधे आणि थायरॉइडची कमतरता यांच्यामुळेही ते वाढते. मूल अंगावर पीत नसताना प्रोलॅक्टिन वाढलेले राहिले तर ग्रंथींत स्राव साठून सुजेला खतपाणी मिळते, असे मानले जाते. माझे प्रोलॅक्टिन तपासले तेव्हा ते वाढलेलेच होते. कॅप्सूल बंद केल्यावर ते खाली आले. तिच्यामुळेच आजार झाला असे म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, कारण अशा कॅप्सूल लाखो लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण ज्यांना हा विकार आहे त्यांनी आपल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, आम्लपित्ताच्यासुद्धा, डॉक्टरांसमोर ठेवाव्यात आणि प्रोलॅक्टिन व टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्यावे. तपासणी स्वस्त आहे.

कल्चर शेवटपर्यंत कोरे राहिले आणि निदान पक्के झाले. उपचारांबाबत एकच एक ठरलेला मार्ग नाही. लहान, न वाढणारी गाठ असेल तर वेदनाशामक देऊन नुसते लक्ष ठेवतात, आणि अनेकींचे तेवढ्यावर भागते. काही ठिकाणी गाठीतच ट्रायअॅमसिनोलोनचे इंजेक्शन देतात, म्हणजे स्टेरॉइड सगळ्या अंगभर पसरत नाही. आजार पसरलेला असेल, नाडीव्रण असतील किंवा सांधे धरले असतील, तर तोंडाने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करून ते काही महिन्यांत पायरीपायरीने उतरवतात. मला ते मिळाले. ते सुरू करण्यापूर्वी क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी नाही याची खात्री करून घेणे का आवश्यक आहे, हे आता सांगायला नकोच : प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आतल्या जंतूंना मोकळे रान देते. टीबीचा प्रश्न आधी सोडवायला हवा तो एवढ्यासाठीच.

प्रेडनिसोलोनने जादू केली, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. नडग्यांवरचे उंचवटे पाहता पाहता विरले, जखम कोरडी पडू लागली. त्याबरोबर भूक राक्षसी झाली, झोप उडाली आणि चेहरा इतका गोल झाला की चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला आलेल्या दिरांनी मला क्षणभर ओळखलेच नाही. या औषधाने अंगात पाणी साठते आणि साखर वाढते, त्यामुळे त्या वर्षी नेवऱ्या (करंज्या) मोजून खाल्ल्या आणि पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेली खारी सुंगटे (खारवलेली कोळंबी) शेजारी देऊन टाकली. सासूबाईंना गोळीचा राग आला नाही, सुंगटांचा आला. स्टेरॉइड मनाने बंद करू नये. शरीर स्वतःचे कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, तयार करणे थांबवून बसलेले असते, आणि गोळी अचानक तोडली तर रक्तदाब कोसळण्याइतका धोका संभवतो.

डोस एका पातळीखाली आणला की गाठ पुन्हा फुगायची, म्हणून मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध जोडले गेले. या औषधाविषयी एकच गोष्ट ठसवून सांगते. या विकारात ते आठवड्यातून एकदा घ्यायचे असते, रोज नाही. रोज घेतले तर रक्तपेशी बनण्याचे काम थांबून ते जिवावर बेतू शकते, आणि चिठ्ठीवरचे अक्षर चुकीचे वाचल्यामुळे अशा दुर्घटना जगभर झालेल्या आहेत. मी गुरुवार ठरवला, कारण आमच्याकडे गुरुवारी मासळी शिजत नाही आणि तो वार विसरला जात नाही. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी. यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या ठरलेल्या अंतराने करायच्या, आणि दारू वर्ज्य. औषधाच्या डब्यावर नवऱ्याने जाड पेनाने ‘फक्त गुरुवार’ असे लिहून ठेवले आहे.

शस्त्रक्रियेविषयी थोडेच. संपूर्ण गाठ काढून टाकली तरी आजार परत येऊ शकतो, आणि स्तनाचा आकार कायमचा बिघडतो. औषधांना काहीच दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी तो पर्याय राखून ठेवावा, हे मत मला पटते. मात्र औषधांनी गाठ अपेक्षेप्रमाणे कमी होत नसेल तर पुन्हा बायोप्सी करून घ्यावी, कारण क्वचित सुजेच्या आड कर्करोगही असू शकतो. हा विकार स्वतः कर्करोगात बदलतो असे दिसून आलेले नाही.

ओपीडीच्या बाकावर भेटलेल्या तरुण मुली हमखास विचारतात ते पुढच्या बाळंतपणाबद्दल. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. ते चालू असताना गर्भधारणा टाळावीच लागते आणि मूल हवे असेल तर काही महिने आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करावे लागते. गरोदरपणात किंवा दूध पाजताना आजार पुन्हा डोके वर काढू शकतो, त्यामुळे प्रसूतितज्ज्ञांना तो आधीच सांगून ठेवलेला बरा. एकदा हा आजार झाला म्हणून पुढच्या बाळाला अंगावर पाजता येणारच नाही, असे मात्र नाही. दुसरा स्तन निरोगी असेल तर त्याने काम भागते. माझ्या पुरता तो प्रश्न आम्ही दोघांनी मिळून पुढे ढकलला आहे. सध्या मेथोट्रेक्सेटचा डोस उतरतो आहे, नाडीव्रण बुजले आहेत, आणि दर तीन महिन्यांनी दोन्ही स्तनांची सोनोग्राफी होते, कारण काही जणींना पुढे दुसऱ्या बाजूलाही तो होतो.